जाळी नसलेलं चाक

कुणीतरी मागून माझा पदर ओढला. एवढंच मला कळलं आणि राग आला. परक्या मुलखात, भर रस्त्यावर, माझ्या वयाच्या बाईचा पदर ओढणारा कोण, म्हणून मी मान वळवली. मागे कोणी नव्हतं. पदर चाकात चालला होता. "थांबा" म्हणायला तोंड उघडलं तोवर मी गाडीवरून सुटले होते. जावयांनी मला पाहायला मागे मान वळवली आणि गाडी तिरपी होऊन कडेच्या सिमेंटच्या खांबावर गेली.

मी वाळूत पडले. साडी अंगावरून सुटून चाकाला गुंडाळली गेली होती. माझ्या अंगावर फक्त ब्लाउज आणि परकर. परकर गुडघ्यांच्या वर गेला होता. जावई गाडीखाली होते, त्यांचा एक पाय नको त्या बाजूला वळला होता आणि कानामागून रक्त वाहत होतं. मी काय केलं? मी आधी परकर खाली ओढला. नीट ओढला, घोट्यापर्यंत. दोन्ही हात छातीवर धरले. मग जावयांकडे पाहिलं.

तुरीच्या शेंगा भरल्या की मला हे आठवतं. बाकीच्या दिवसांत आठवत नाही असं नाही, पण या दिवसांत हात कामात असतात आणि डोकं मोकळं असतं. अकोल्याला लेकीच्या घरामागे ऊन चांगलं येतं. मी तिथे शेंगांचा ढीग घेऊन बसते. हिरवी तूर सोलली की नखं काळी पडतात, बोटांना चिकट वास राहतो, साबणाने जात नाही. संध्याकाळी सोल्यांची, म्हणजे या हिरव्या दाण्यांची भाजी, नाहीतर सोले घालून वांग्याचं भरीत. आमच्या वऱ्हाडात थंडी म्हणजे हेच. उन्हात बसलेल्या बाया, मांडीवर सूप, आणि तोंडाला सुट्टी नाही.

आम्ही गेलो होतो तेही याच दिवसांत. माझे जावई गजाननराव यांचं अकोल्याला कृषी केंद्र आहे. खत, बियाणं, औषधं विकतात. खरिपाचा धंदा आटोपलेला असतो, हरभरा पेरून झालेला असतो, आणि कंपन्या दुकानदारांना फिरायला नेतात. ज्याने जास्त माल उचलला त्याला परदेश. त्या वर्षी जावयांचा थायलंडला नंबर लागला. दोघांचं कंपनीकडे होतं, तिसऱ्याचं आपल्या खर्चाने. माझी लेक वंदना अंजनगावला मला सांगायला आली तेव्हा मी मळ्यात वांगी तोडत होते.

"माय, तू येऊन राहिली आमच्यासंग."

"मी कायले? समुद्रात वांगे विकू?"

"जिंदगीभर अंजनगाव ते परतवाडा, परतवाडा ते अंजनगाव. एस्टीच्या खिडकीतून काय पाहिलं तूनं? जवाई सोताच म्हणाले, मामीले घेऊ."

आमच्याकडे जावई सासूला मामी म्हणतात. जावई स्वतः म्हणाले, हे ऐकून मी हुरळले. नवरा गेल्यापासून मला कुणी कुठे न्यायचं म्हटलं नव्हतं. बाजारात माझ्या शेजारी कमला बसते, तिला मी दोन वेळा सांगितलं. तिने एकदाच ऐकलं असं दाखवलं.

वंदनाने माझ्यासाठी नवी साडी आणली. गुळगुळीत, वाऱ्याने उडणारी, धुवून झटकली की वाळणारी. मला ती अंगावर थांबल्यासारखी वाटेना. "तुझ्या सुती साड्या तिथी कोण इस्त्री करंल?" म्हणाली. पुढे दवाखान्यात बसल्यावर मला रोज वाटायचं, माझी सुती असती तर फाटली असती. जुनी, धुऊन धुऊन विरलेली. चाकाने ओढली असती आणि टर्र झालं असतं. ही फाटली नाही. तिने मला ओढलं.

तिथे बसमध्ये टूरवाल्या माणसाने माइकवर सांगितलं होतं, कोणी गाडी भाड्याने घेऊ नका. आपलं लायसन इथे चालत नाही आणि काही झालं तर विम्यातून एक पैसा मिळणार नाही. सगळे दुकानदार हसले. मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडलं, "साहेब, आमी अकोल्याच्या बाजारात गाडी चालवतो, मधात गाय बसेल असते! इथं काय हाये?" सगळी बस हसली. मीही हसले. मला ते उत्तर आवडलं होतं.

जावयांच्या दुकानात औषधाच्या प्रत्येक बाटलीवर तांबडा नाहीतर पिवळा त्रिकोण असतो. जावई प्रत्येकाला सांगतात, तोंडाला कपडा बांधा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या उलट्या दिशेने फवारू नका. लोक बाटली पिशवीत टाकतात आणि म्हणतात, "भाऊ, आमचं जलमच फवारनीत गेलं." जावई मागून मला म्हणायचे, "पाहा मामी, ऐकत नाहीत." त्या बसमध्ये जावईही हसत होते. माणूस परदेशात गेला की त्याला वाटतं, धोका घरी राहिला.

गाडी घेतली ती किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाचं देऊळ पाहायला. भाड्याच्या दुकानदाराने एक गाडी दिली, डोक्यावर घालायचा टोप एकच दिला आणि जावयांचा पासपोर्ट ठेवून घेतला. तिघं एका गाडीवर बसणार नव्हतो, तेवढी अक्कल होती. जावयांनी आधी वंदनाला देवळाशी सोडलं आणि मला न्यायला परत आले.

"मामी, दोन्हीकून पाय टाकून बसा. या गाडीले मांगं धरायले काई नाई."

"तशी म्या कधी बसली नाही, जवाईबापू."

"मंग मले धरा. खांद्यावर हात ठेवा."

"ठेवते," मी म्हणाले.

ठेवला नाही. जावयांच्या अंगाला मी लग्नापासून हात लावलेला नव्हता. लग्नात पाय धुतले तेवढाच स्पर्श. आमच्यात सासू जावयासमोर पदर सावरून बोलते, त्यांच्या ताटासमोर बसत नाही. आणि मी त्यांच्या पाठीमागे पाय फाकवून बसू, खांद्यावर हात ठेवू? तिथे मला ओळखणारं कोण होतं? कोणी नव्हतं. उघड्या अंगाचे गोरे लोक फिरत होते. तरी मी एका बाजूने बसले, सीटची कड दोन बोटांनी धरली आणि अंग चोरलं. जावयांना माझा गुडघाही लागू नये म्हणून मागे सरकले. जितकी मागे सरकले तितका पदर चाकाजवळ गेला.

टोप त्यांनी मला दिला. "तुमी घाला." माझा अंबाडा होता, टोप बसेना. मी म्हणाले, राहू द्या, तुम्हीच घाला. ते म्हणाले, "तुमी उघड्या डोक्यानं आन् मी टोप घालून? बरं नाई दिसत." मग टोप कोणीच घातला नाही. तो माझ्या मांडीवर होता. मी पडले तेव्हा तो वाळूत घरंगळला. त्यावर ओरखडाही आला नाही.

आमच्याकडे प्रत्येक मोटरसायकलच्या मागच्या चाकाशी लोखंडी जाळी असते. जन्मभर पाहिली. मला वाटायचं ती पिशवी अडकवायला असते, नाहीतर लहान पोरांना पाय ठेवायला. मी स्वतः मेथीच्या जुड्या तिला बांधून आणल्या आहेत. ती साडीसाठी असते, हे मला त्या रस्त्यावर कळलं, ती नव्हती तेव्हा. तिथल्या गाड्यांना कशाला असेल? तिथल्या बाया पँट घालतात आणि सरळ बसतात.

रस्त्याकडेला एक बाई फळं विकत होती. कापलेला अननस, पेरू, कैऱ्या. ती धावत आली. आधी जावयांकडे गेली, कुणाला तरी ओरडून बोलावलं, मग फळं कापायच्या सुरीने माझी साडी चाकापासून कापली. तिच्या टोपलीखालचं चौकटीचं कापड काढलं आणि माझ्या कमरेभोवती गुंडाळलं. मला तिचं काही कळेना, तिला माझं. पण मी जावयांकडे बघत नव्हते, स्वतःलाच झाकत होते, हे तिने पाहिलं होतं. तेवढं कळायला भाषा लागत नाही. ते कापड परत करायचं राहून गेलं. तुरीच्या शेंगांखाली मी आज तेच अंथरलं आहे. चांगलं जाड आहे.

दवाखाना हॉटेलसारखा होता. फरशी अशी की चपला हातात घ्याव्या वाटाव्या. तिथली माणसं आधी हात जोडून मान वाकवतात आणि मग सांगतात, पैसे भरा. अमरावतीला सरकारी दवाखान्यात आधी अंगावर ओरडतात, पण माणसाला लगेच आत घेतात. कुठलं बरं ते मी सांगू शकत नाही. त्या दिवशी मला कोणीतरी ओरडलेलं चाललं असतं.

वंदना देवळाशी शहाळं हातात घेऊन आमची वाट पाहत होती. तिला रफिकभाईंनी आणलं. रफिकभाई परतवाड्याचे, पंप आणि पाइपांचे दुकानदार, आमच्याच टूरमध्ये होते. वंदना आत आली. तिचा नवरा पडद्याआड होता. ती आधी माझ्याकडे आली, माझं सुजलेलं मनगट पाहिलं, कमरेचं ते कापड पाहिलं आणि म्हणाली, "माय, तुले लई लागलं का वं?"

आधी मला विचारलं. मी तिच्या नवऱ्याला विचारलं नव्हतं.

डॉक्टरांचं बोलणं टूरवाला आम्हाला समजावत होता. पायाचं हाड तीन ठिकाणी मोडलं आहे, ते थांबेल. डोक्यात रक्त साचतं आहे, ते थांबणार नाही. ऑपरेशन आजच. आणि त्याच्या आधी रक्कम भरा. त्याने रक्कम सांगितली. वंदना म्हणाली, "विमा हाये ना?" टूरवाल्याने विम्याच्या माणसाला फोन लावला. त्या माणसाने लायसन कुठलं ते विचारलं. "अकोल्याचं." मग टोप होता का ते विचारलं. टूरवाला माझ्याकडे पाहत राहिला.

"होता," मी म्हणाले. "माह्या मांडीवर होता."

त्याने फोनमध्ये काय सांगितलं ते मला कळलं नाही. फोन ठेवला आणि नाही म्हणून मान हलवली.

मी उठले आणि काउंटरवर गेले. हातात माझ्या सोन्याच्या दोन पाटल्या होत्या. एक निघाली. दुसरी सुजलेल्या मनगटात रुतली होती, निघेना. मी खुणेने साबण मागितला. काउंटरवरच्या मुलीला वाटलं मला हात धुवायचे आहेत, तिने बाथरूमकडे बोट दाखवलं. मी निघालेली पाटली तिच्यासमोर ठेवली. तिने ती दोन्ही हातांनी उचलली, माझ्या मुठीत ठेवली, मूठ मिटवली आणि हात जोडले. मागे रांगेत गोरी माणसं उभी होती, गुडघ्याला पट्टी बांधलेली, कोपर सोललेली. तीही गाडीवरूनच पडलेली होती. सगळी माझ्या कमरेच्या कापडाकडे पाहत होती.

पैसे दुकानदारांनी भरले. जे बसमध्ये हसले होते त्यांनीच. एकाचं कार्ड चाललं नाही, दुसऱ्याचं थोडंच चाललं, तिसऱ्याने घरी फोन लावून भावाला उठवलं. हे लोक एरवी एकमेकांचं गिऱ्हाईक पळवतात. सगळ्यात जास्त रफिकभाईंनी भरले. त्यांचा आणि जावयांचा ठिबकच्या नळ्यांवरून वाद झालेला, बोलणं बंद होतं, हे मला माहीत होतं.

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा मी रडायला लागले. रफिकभाई शेजारी येऊन बसले.

"मौसी, रडू नोका. इथं रडाचं बी बिल लागते."

मी रडता रडता हसले. ते खरं होतं. तिथे कापसाच्या बोळ्याचंही बिल लागतं, हे पुढे कळलं. सगळी टूर परत गेली तेव्हा रफिकभाई थांबले. "माह्या दुकानात पोट्टे हायेत, पंप कुठी पळून नाई जात," म्हणाले. तिथला हिशेब, फोन, गाडीवाल्याकडून पासपोर्ट सोडवणं, मोडक्या गाडीची भरपाई, सगळं त्यांनी केलं. आडव्या माणसाला विमानात आणायचं तर कितीतरी सीटांचं भाडं लागतं. म्हणून जावई बसू शकेपर्यंत आम्ही तिथेच राहिलो. दोन टिनाचे डबे भरून शेव-चिवडा नेला होता, तो तिथेच संपला. समुद्र खिडकीतून दिसायचा. मी पडदा ओढून घ्यायची.

परत आल्यावर सगळ्यांचे पैसे फेडायला दुकानाचं गोदाम विकलं. त्याबद्दल मला कुणी काही बोललं नाही. मी अंजनगावला बाजारात बसायला गेले तर कमला म्हणाली, "काय वं बुढे, थायलंडले लुगडं ठेवून आली म्हणतात?" सगळ्या बाया हसल्या. कुणीतरी म्हणालं, "सासूचा पदर लई लंबा हाये, इथून थायलंडपर्यंत गेला." मी वांगी मांडत राहिले. त्यांना राग नव्हता, गंमत होती. गमतीचा मला त्रास नाही. त्रास याचा झाला की त्या ज्या साडीबद्दल हसत होत्या, त्याच साडीची मला त्या दिवशी आधी काळजी वाटली होती. त्या माझ्यासारख्याच आहेत. त्यांनीही आधी परकर ओढला असता. हे मला माहीत आहे, पण त्याने माझं काही हलकं होत नाही.

मग मळा वाट्याने दिला आणि अकोल्याला आले. वंदनाला दुकान पाहावं लागायचं. जावयांना घरात कोणीतरी हवं होतं. पहिल्या दिवशी त्यांना बाथरूमला जायचं होतं आणि ते मला सांगेनात. तोंड भिंतीकडे करून पडून राहिले. मी दाराशी उभी. वंदना दुकानात. शेवटी मी म्हणाले, "जवाईबापू, हात टाका माह्या खांद्यावर."

"वंदना येऊ द्या, मामी."

"वंदना संध्याकाळी येते. तोवर काय करता?"

ते हळूच इकडे वळले. मग त्यांनी हात टाकला. जड हात होता. आम्ही दोघं भिंतीच्या कडेने गेलो. त्यांनी डोळे मिटले होते. मी उघडे ठेवले, कारण एकाला तरी रस्ता दिसायला हवा. त्यानंतर रोज. अंगणात चालवताना, उन्हात बसवताना, तो हात माझ्या खांद्यावर असायचा. शेजारच्या बाया बघायच्या. बघू दे. तिथे, त्या गाडीवर, दोन मिनिटं मला तो खांदा धरायला सांगितला होता.

एकदा मी त्यांना म्हणाले, "मले तेव्हा धराले पायजे होतं." ते शेंग सोलत होते. बोटांना व्यायाम म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं. डोक्याच्या ऑपरेशनने उजव्या हाताची पकड गेली होती. शेंगेतला दाणा निसटून मातीत पडला. त्यांनी तो शोधून उचलला, फुंकला, सुपात टाकला.

"मामी, टोप म्या घालाले पायजे होता. आता सोला."

एवढंच. आम्ही सोलत राहिलो.

आता ते दुकानात बसतात. पोती उचलत नाहीत. औषधाची बाटली देताना त्रिकोणावर बोट ठेवून वाचून दाखवतात, गिऱ्हाईक कंटाळेपर्यंत. पायात सळई आहे आणि गुडघा पुरता वाकत नाही, पाय बाजूला उघडत नाही. गाडी चालवता येत नाही. गाडीवर टांग टाकताच येत नाही. त्यामुळे रोज सकाळी वंदना स्कूटी काढते आणि जावई तिच्या मागे बसतात. एका बाजूने. दोन्ही पाय डावीकडे, बाईसारखे. पहिल्या दिवशी समोरच्या घरातला म्हातारा हसला. "गजाननराव, लुगडं कुठी हाये?"

"धुवाले टाकलं, काका," जावई म्हणाले, आणि वंदनाच्या खांद्यावर हात ठेवला, घट्ट.

तो म्हातारा हसतच राहिला. जावईही हसले. मला हसता आलं नाही. ज्या बसण्यासाठी मी त्यांचा पाय घालवला, तसं ते भर रस्त्यावर बसले होते आणि त्यांना काही वाटत नव्हतं.

आज थंडी जास्त होती. त्यांनी गळ्याभोवती मफलर टाकला होता, एक टोक पाठीवरून खाली लोंबत होतं. मी शेंगा ठेवून उठले. टोक उचललं, गळ्याभोवती फिरवलं, स्वेटरमध्ये खोचलं. वंदनाच्या ओढणीचीही गाठ मारली. खाली वाकून मागचं चाक पाहिलं. ते झाकलेलं असतं, तरी पाहिलं. मग दोघांच्या डोक्यावर टोप आहेत का ते पाहिलं. होते.

"जाऊ का, माय?" वंदना म्हणाली.

"जा."

गाडी कोपऱ्यावरून वळली. मी परत येऊन त्या चौकटीच्या कापडावर बसले. त्या दिवशी त्या रस्त्यावर आम्ही दोघं पडलो होतो. जावई वाचले. मीही वाचले.